लायबेरियात शांतता कुणी राखली?

आज आपण जरा लांब जाऊ या, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लायबेरिया नावाच्या छोट्या देशात. या गोष्टीत पुढे आपल्या देशातल्या बायकाही येणार आहेत.

1989 ते 2003 या काळात लायबेरियात दोनदा यादवी युद्ध झालं. मध्ये थोडी उसंत मिळाली, तेवढीच. अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली. लहान पोरांच्या हातात बंदुका आल्या. बायकांवर तर सगळ्याच बाजूंच्या लोकांनी अत्याचार केले.

शेवटी 2003 साली राजधानी मोनरोव्हियात बायका रस्त्यावर उतरल्या. ख्रिस्ती आणि मुसलमान, दोघी एकत्र. लेमा ग्बोवी त्यांची पुढारी. पांढरे कपडे घालून त्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात बसायच्या, उन्हात आणि पावसातही. घाना देशात वाटाघाटी सुरू होत्या, पण लांबतच चालल्या होत्या. तिथे जाऊन या बायकांनी सभागृहाची दारंच अडवली. हातात हात गुंफून म्हणाल्या, समझोता करा, मगच बाहेर पडा. ऑगस्टमध्ये करार झाला.

सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांनी शांतिसेना पाठवायचं ठरवलं. जास्तीत जास्त 15,000 सैनिकांना मंजुरी होती. निळ्या टोप्यांच्या या सैनिकांनी रस्ते सांभाळले, बंदुका गोळा केल्या. ते कामही सोपं नव्हतं. डिसेंबरात पहिल्याच छावणीवर एवढी गर्दी लोटली, की गोंधळ होऊन काम थांबवावं लागलं. एप्रिल 2004 मध्ये ते नव्याने सुरू झालं.

युद्ध थांबलं, पण बायकांची भीती गेली नव्हती. बलात्कार होतच होते. तक्रार करायची कुणाकडे? गणवेशातल्या पुरुषांनीच तर युद्धात छळलं होतं. शांतिसेनेतल्याही काही जणांवर गरजू बायका-मुलींचा गैरफायदा घेतल्याचे आरोप झाले. रक्षण करायला आलेल्यावरही नजर ठेवावी लागते, हे तिथे कळलं.

मग जानेवारी 2007 मध्ये भारतातून केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या शंभरावर महिला मोनरोव्हियात उतरल्या. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली महिलांची ही अशी पहिलीच पोलीस तुकडी. कमांडर होत्या सीमा धुंडिया. रात्रीची गस्त, मोर्चांचा बंदोबस्त, सरकारी इमारतींवर पहारा, सगळं त्यांनी केलं. मुलींना स्वसंरक्षण शिकवलं, आरोग्य शिबिरं घेतली. दरवर्षी नवी तुकडी यायची. 2016 पर्यंत अशा नऊ तुकड्या तिथे राहून आल्या.

हातात बंदूक घेऊन पहारा देणारी बाई तिथल्या मुलींनी रोज पाहिली, आणि त्याही पोलिसात जाऊ लागल्या. तुकडी आली तेव्हा लायबेरियाच्या सुरक्षा यंत्रणेतल्या शंभर जणांत साधारण 6 बायका होत्या, ती परतली तेव्हा 17. एका तुकडीनेच हे झालं असं नाही. 2006 पासून देशाच्या राष्ट्राध्यक्ष एलन जॉन्सन सरलीफ याही बाईच होत्या. 2011 साली त्यांना आणि लेमा ग्बोवींना शांततेचं नोबेल मिळालं, येमेनच्या तवक्कुल करमान यांच्यासोबत.

करार कागदावर होतो. पण बाई निर्धास्तपणे ठाण्याची पायरी चढते, तेव्हाच शांतता तिच्या घरापर्यंत पोचते. आपल्या ठाण्यात महिला पोलीस किती आहेत? रात्री कुणी असतं का? गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय नक्की घ्या, आणि दोघी-तिघी मिळून ठाण्यात जाऊन विचारूनही या.