घाडगे नायकांच्या सेक्शनमध्ये

तारीख १० जुलै १९४४. तुम्ही इटलीत आहात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. रोम पडून महिना उलटलाय. जर्मन मागे सरताहेत, पण एकेक टेकडी झुंजवत. तुमची पलटण पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन आणि सेक्शन कमांडर नायक यशवंत घाडगे. वय २२. कुलाबा जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे. गावाकडे आता लावणीची घाई असेल, माणसं चिखलात वाकलेली असतील.

कंपनी चढाई करते आणि अगदी जवळून मशीनगन सुरू होते. शेजारचा कोसळतो, मागचा कोसळतो, मग तुम्हीही. जखमी आहात, पण शुद्धीवर. अख्ख्या सेक्शनमध्ये घाडगे तेवढे उभे आहेत.

ते धावतात. मागे नाही, सरळ मशीनगनवर. पहिल्या ग्रेनेडनेच गन आणि ती चालवणारा, दोन्ही गप्प होतात. टॉमी गनने आणखी एकाला टिपतात. गोळ्या संपल्या, नवं मॅगझिन चढवायला सवड नाही. गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ते दस्त्याने झोडपून मारतात. मोर्चा ताब्यात येतो आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसतात.

ही झटापट सांगताना ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो, यायलाच हवा. पण मला तिच्या आधीचा क्षण मोठा वाटतो. सोबत यायला कुणी उरलेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांना मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रातही त्याची मुद्दाम नोंद आहे. हुकूम द्यायलाच कुणी नव्हतं, म्हणून ते स्वतः गेले.

आता वर्षं ओलांडा. तो क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती आलाय. पतीची समाधी मात्र त्या माउलीला कधीच मिळाली नाही, कारण ती कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही. कॅसिनोच्या स्मारकावर अशा चार हजारांहून अधिक सैनिकांची नावं कोरली आहेत. घाडग्यांचं त्यांतच आहे. २०२३मध्ये इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. आपल्या भूमीत पडलेल्या कोकणातल्या पोराची आठवण त्या गावाने ठेवली, याबद्दल त्याचे आभारच मानायला हवेत.

इटली लांब आहे. माणगाव मुंबई-गोवा रस्त्यावरच आहे. पुढच्या खेपेला थांबा, तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा आहे. सोबत मुलं असतील तर त्यांना १० जुलैची हकिगत तिथेच उभं राहून सांगा.