भोंगा नसलेली कचेरी

कामाचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे आपण बहुधा यंत्रांचा इतिहास सांगतो. वाफेचे इंजिन आले, वीज आली, संगणक आला, असा तो क्रम असतो. आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. हाच इतिहास आम्ही दुसऱ्या टोकाकडून वाचतो. नवे यंत्र आले की आमचा प्रश्न ठरलेला असतो : या यंत्रामुळे माणसाचा कामाचा दिवस कोठे सुरू होईल आणि कोठे संपेल? ई-मेल, संगणकावरील दिनदर्शिका आणि रोजच्या कामांची यादी ठेवणारी साधने आज आपल्या सर्वांच्या हाती आहेत. त्यांचा इतिहास या एका प्रश्नाच्या अनुरोधाने आपल्यापुढे मांडावा, असा आमचा विचार आहे.

आधी जुन्या कचेरीत जाऊ. टपाल आले की कारकून ते आवक नोंदवहीत चढवीत असे. अनुक्रमांक, तारीख, कोणाकडून आले, विषय कोणता, कोणत्या टेबलाकडे दिले आणि शेवटी निकाली केव्हा निघाले, असे तिचे रकाने. आमच्या युनियनच्या कचेरीतही अशीच वही होती. त्या वहीतला सर्वांत महत्त्वाचा रकाना शेवटचा. पत्र येणे ही एक गोष्ट आणि पत्राचे काम होणे ही दुसरी, हे ती वही रोज डोळ्यांसमोर ठेवीत असे.

कागद वाढले तेव्हा कचेऱ्यांनी त्यावरही उपाय शोधला. महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत सहा गठ्ठ्यांची पद्धत पुष्कळांना ठाऊक आहे. ज्यांवर आज कारवाई करावयाची ती प्रकरणे एका गठ्ठ्यात. ज्यांत दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहावयाची ती दुसऱ्यात. ठरावीक मुदतीने पाठवावयाची विवरणे तिसऱ्यात. कायम लागणारे आदेश चौथ्यात. अभिलेखकक्षात धाडावयाची कागदपत्रे पाचव्यात आणि नष्ट करावयाचे कागद सहाव्यात. १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीच्या कामाची जी फेररचना केली, ती 'लखिना पॅटर्न' या नावाने गाजली. आज ई-मेल आवरण्याचे जे मार्ग मोठ्या नावांनी शिकविले जातात, त्यांचा गाभा या सहा गठ्ठ्यांहून फारसा वेगळा नाही.

मात्र जुन्या कचेरीला एक लगाम होता. तो म्हणजे कागद लिहिण्याचे श्रम. इंग्लंडमध्ये राल्फ वेजवुड यांनी १८०६ साली कार्बन कागदाचे पेटंट घेतले. पुढे टंकयंत्र आले आणि कार्बन घालून एका वेळी चार-पाच प्रती निघू लागल्या. पाचवी प्रत इतकी फिकी निघे की ती वाचणाऱ्याने चष्मा पुसून घ्यावा. म्हणून 'प्रत माहितीसाठी सादर' असे लिहून ती कोणाकोणाला पाठवावयाची, याचा विचार करणे भाग होते. ई-मेलवर आपण 'सीसी' ही जी दोन अक्षरे पाहतो, ती या कार्बन कॉपीचीच आद्याक्षरे होत. कार्बन गेला, टंकलेखकाची बोटे दुखावयाची थांबली. पण त्याबरोबर तो लगामही सुटला. आता पाच जणांना प्रत पाठविण्यास जितके श्रम पडतात, तितकेच पाचशे जणांना पाठविण्यास पडतात.

हे कसे घडले ते क्रमाने पाहू. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६५ साली एकाच मोठ्या संगणकावर पाळीपाळीने काम करणाऱ्यांना एकमेकांसाठी निरोप ठेवता येऊ लागला. टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस या दोघांनी ती सोय लिहिली. १९७१ साली रे टॉमलिन्सन या अभियंत्याने आर्पानेट या जाळ्यावरून एका संगणकावरील निरोप दुसऱ्या संगणकाकडे धाडला. दोन्ही यंत्रे एकाच खोलीत शेजारी शेजारी होती. हे काम त्यांना कोणी नेमून दिलेले नव्हते. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव वेगळे दाखविण्यासाठी त्यांनी कळफलकावरचे एक चिन्ह निवडले. ते होते हिशेबनिसांचे, दर दाखविणारे चिन्ह, ज्याला आपल्याकडे आजही 'ॲट द रेट' म्हणतात. वाण्याच्या बिलावरचे चिन्ह अशा रीतीने जगभरच्या पत्त्यांत जाऊन बसले.

पत्रे येऊ लागताच ती आवरण्याचा प्रश्न उभा राहिला, आणि तो किती लवकर उभा राहिला हे ध्यानात घेण्यासारखे आहे. १९७२ साली लॅरी रॉबर्ट्स यांनी आलेल्या पत्रांची यादी दाखविणारा, हवे ते निवडून वाचू देणारा, जपून ठेवणारा आणि नको ते खोडणारा कार्यक्रम लिहिला. १९७५ साली जॉन व्हिटल यांच्या कार्यक्रमात आलेल्या पत्राला थेट उत्तर देण्याची सोय आली. १९७८ साली एका संगणक कंपनीच्या विक्री विभागातील गृहस्थांनी सुमारे चारशे जणांना एकाच वेळी जाहिरात धाडली. म्हणजे पहिल्या पत्रापासून सात वर्षांच्या आत पत्रांचा ढीग, ढीग आवरण्याचे साधन आणि नको असलेले पत्र, ही तिन्ही जन्माला आली होती.

कामांच्या यादीचा जन्मही याच काळातला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे हजार तज्ज्ञांसमोर आपला संगणक चालवून दाखविला. माऊस हे उपकरण लोकांनी उघडपणे पाहिले ते त्या दिवशी. परंतु त्या प्रात्यक्षिकात पडद्यावर त्यांनी काय मांडले, तर बाजारातून आणावयाच्या जिनसांची यादी. ती त्यांनी वर्गवार लावली आणि घरी जाताना वाटेत कोठे कोठे थांबावयाचे, तेही नकाशावर दाखविले. इतके अवाढव्य यंत्र आणि त्यावर भाजीपाल्याची यादी! पण यात हसण्यासारखे काही नाही. माणसाच्या डोक्यावरचे आठवणीचे ओझे उतरविणे हे थोर काम आहे. यंत्राने माणसासाठी करावे ते असेच.

पुढची पावले आपल्यातील पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिली आहेत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली. १९९६ साली सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढले आणि कोणत्याही संगणकावरून आपले टपाल उघडता येऊ लागले. १९९७ साली आउटलुक या कार्यक्रमात टपाल, दिनदर्शिका, पत्ते आणि कामांची यादी एकाच चौकटीत आली. २००४ साली जीमेलने इतकी जागा दिली की पत्र खोडण्याची गरजच उरली नाही. सहावा गठ्ठा तेथे संपला.

आता चळवळीकडे वळू. आपल्या देशातील कामगार संघटनांनी संगणकाला विरोध केला, असे सांगून पुष्कळ लोक थांबतात. हकीकत याहून मोठी आहे. १९६० च्या दशकात कलकत्त्यात इलॅको हाऊस या इमारतीत संगणक बसू नये, म्हणून आयुर्विमा कर्मचाऱ्यांनी पहारा ठेवला, हे खरे. पण पुढे १९६९ साली केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर तिचे अध्यक्ष होते आणि तिचा अहवाल १९७२ साली आला. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी यंत्रे कोठे आणि किती बसवावयाची, याचा करार बँकांशी केला. विरोधाकडून वाटाघाटीकडे असा हा प्रवास आहे.

त्या पिढीचा प्रश्न होता, 'यंत्राने किती माणसांची भाकरी जाईल?' त्या काळच्या परिस्थितीत तो रास्तच होता. संगणक तेव्हा थंड केलेल्या बंद खोलीत राही. संध्याकाळी कचेरीला कुलूप लागले की तोही कुलपाआड जाई. तो कर्मचाऱ्याच्या मागोमाग घरी येईल, ही शंका कोणाला यावी? परंतु १९९९ साली ब्लॅकबेरीचे पहिले यंत्र निघाले आणि कचेरीचे टपाल कमरेच्या पट्ट्याला लटकू लागले. २००७ साली आयफोन आला. त्यानंतर थोड्याच वर्षांत कचेरी माणसाच्या खिशात, जेवणाच्या ताटाशेजारी आणि उशीखाली जाऊन पोहोचली.

येथे मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज आपण रविवार हा जणू सृष्टीचा नियम समजतो. तो मागून, झगडून मिळविलेला आहे. त्यानंतर गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोपर्यंत सूर्य मावळला की साचा थांबे, कारण धागा दिसत नसे. दिवा लागला आणि सूर्याचे राज्य संपले. १९०५ साली मुंबईच्या काही गिरण्यांत कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला आणि कामगार रस्त्यावर आले. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने दिवसाचे नऊ आणि आठवड्याचे ४८ तास ठरविले आणि त्यावरील कामाला दुप्पट वेतन सांगितले. म्हणजे दिवा लागल्यापासून ४८ तासांच्या आठवड्यापर्यंत पोहोचण्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला.

विजेच्या दिव्याने सूर्यास्ताची हद्द मोडली. मोबाइलने फाटकाची हद्द मोडली. दिवा वाईट नव्हता, मोबाइलही वाईट नाही. पण हद्द मोडली की नवी हद्द आपोआप आखली जात नाही. ती माणसांनी एकत्र बसून आखावी लागते.

काही ठिकाणी ती आखली गेली आहे. जर्मनीत फोक्सवॅगन कंपनीत २०११ साली कामगार प्रतिनिधींशी करार झाला. कराराखालील सुमारे १,१५० कर्मचाऱ्यांच्या ब्लॅकबेरीवर, पाळी संपल्यानंतर अर्ध्या तासाने टपाल पोहोचविणे बंद होई आणि दुसऱ्या दिवशी पाळीच्या अर्धा तास आधी सुरू होई. हा आमच्या मते विसाव्या शतकातला भोंगाच, एकविसाव्या शतकात पुन्हा वाजविलेला. त्याच देशात डाइमलर कंपनीने रजेवरील माणसाला आलेले टपाल खोडून टाकण्याची आणि धाडणाऱ्यास तसे कळविण्याची सोय दिली. म्हणजे परत येणाऱ्याच्या टेबलावर ढीग नको. फ्रान्सने २०१६ साली कायदा केला आणि १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कंपन्यांना या प्रश्नावर वाटाघाट करणे भाग पडले. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून, कामाच्या वेळेनंतर आलेला निरोप न वाचण्याचा आणि त्याला उत्तर न देण्याचा हक्क कायद्यात आला. नकार गैरवाजवी असल्यास तेवढा अपवाद. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत याच हक्काचे खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. पण प्रश्न सभागृहापर्यंत पोहोचला, ही नोंद राहिली.

यावर एक आक्षेप आम्ही वारंवार ऐकतो आणि तो विचार करण्याजोगा आहे. घरी लहान मूल असलेली भगिनी म्हणते, 'मला रात्री नऊनंतर शांतता मिळते. तेव्हा मी पत्रे लिहिते. माझ्यावर का बंदी?' तिच्यावर बंदी नकोच. तिने रात्री लिहावे. पण वाचणाऱ्याने रात्री वाचावे, अशी सक्ती नसावी. पत्र आता लिहून सकाळी पोहोचविण्याची सोय जीमेलमध्ये २०१९ पासून आहे. साधन दोघांचीही सोय पाहू शकते. मात्र तसे ठरविणारा माणूस हवा.

मग आपण प्रत्येकाने घरी काय करावे? जुन्या नोंदवहीचेच धडे पुरेत. टपाल दिवसातून दोन-तीन ठरावीक वेळी पाहावे. पूर्वी पोस्टमनही दर पाच मिनिटांनी येत नसे. पत्र वाचले की ते कोणत्या गठ्ठ्यातले, हे तेथेच ठरवावे. काम असेल तर यादीत, तारीख असेल तर दिनदर्शिकेत, नुसती माहिती असेल तर संग्रहात. टपालाच्या पेटीलाच कामांची यादी समजू नये. त्या पेटीत कोणीही काहीही टाकू शकतो. आपल्या कामांचा क्रम मात्र आपण लावावयाचा असतो. यादीत 'निकाली' चा रकाना ठेवावा. आणि दिनदर्शिकेत मुलाचा अभ्यास, आईचा दवाखाना, मित्राची भेट यांनाही सभेइतक्याच ठळक अक्षरांत जागा द्यावी.

परंतु एवढ्याने भागेल, असे सांगून आम्ही आपली दिशाभूल करणार नाही. एकट्या कामगाराने गिरणीत लवकर झोपण्याचा निश्चय केला असता, तर त्याला रविवार मिळाला नसता. वरिष्ठाचा निरोप रात्री अकराला व्हॉट्सॲपच्या गटावर येतो, तेव्हा एकट्या कर्मचाऱ्याची शिस्त पुरी पडत नाही. तेथे नियम लागतो, आणि नियमासाठी मागणी लागते. या कामी हेच साधन आपले साक्षीदार होऊ शकते. मिलमध्ये हजेरीपट मालकाच्या हाती असे आणि त्यातील तासांवरून भांडणे होत. आज प्रत्येक निरोपावर मिनिटासह वेळ उमटते आणि ती आपल्याही यंत्रात राहते. माहिती तंत्रज्ञानाच्या २००० सालच्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायदेशीर मान्यताही दिली. महिनाभर अशा वेळा लिहून ठेवा. आपल्या दिवसाचे खरे तास किती, हे त्या कागदावर दिसेल. आणि वाटाघाटीच्या टेबलावर असा कागद हजार भाषणांपेक्षा जास्त बोलतो.