एका हंगामात दोन नर: गेकोच्या पिल्लांचा बाप कोणता?

वाशिम जिल्ह्यातल्या मेडशीसारख्या गावात गाय कोणत्या वळूकडून फळवली, यावरून वासराचा बाप सांगता येतो. लेपर्ड गेको या पाळीव पालीच्या बाबतीत मात्र असे सांगणे अवघड असते.

मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवते. एकदा मीलन झाले की त्याच हंगामात ती अनेकदा अंडी घालू शकते, प्रत्येक वेळी साधारण 2. मध्येच नर बदलला तरी आधीच्या नराचे शुक्राणू शिल्लक असू शकतात. म्हणून पुढची अंडी नव्या नराचीच, असे धरता येत नाही.

याने काय बिघडते? लेपर्ड गेकोमध्ये ट्रेम्पर, बेल आणि रेनवॉटर असे अल्बिनोचे 3 वेगळे वंश आहेत. दोन वेगळ्या वंशांतल्या अल्बिनोंची पिल्ले सहसा साध्या रंगाची दिसतात, पण दोन्ही जनुके बाळगतात. बाप नोंदलेला नसेल तर हे नुसते पाहून ओळखता येत नाही. पुढे नकळत जवळच्या नात्यातलाच जोडा लागू शकतो आणि विकत घेणाऱ्यालाही चुकीची माहिती मिळते.

उपाय सोपा आहे. एका मादीसाठी एका हंगामात एकच नर ठेवावा. मीलनाची आणि अंड्यांची तारीख वहीत लिहावी. एक नर अनेक माद्यांना चालतो, पण दोन नर एका पेटीत ठेवू नयेत, ते भांडतात.

नर बदलावाच लागला, तर त्यानंतरच्या पिल्लांपुढे ‘बाप अनिश्चित’ असे स्पष्ट लिहावे.