प्रयोगशाळेतला नाटककार

१९९६ साली आपल्या दहावीच्या निकालानंतर घरोघरी 'सायन्स की आर्ट्‌स' यावर झालेल्या चर्चा तुम्हाला आठवत असतील. नाटकात कामे करणाऱ्यांनाही 'आधी सायन्स घे, नाटक काय नंतरही करता येईल' असे सांगितले गेले. त्यातले 'नंतर' बहुतेकांच्या वाट्याला आलेच नाही. त्याच जुलैमध्ये पुण्यात सत्तेचाळीस वर्षांच्या सतीश आळेकरांनी बी. जे. मेडिकल कॉलेजातली जीवरसायनशास्त्राची नोकरी मुदतीआधी सोडली आणि ते पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राचे प्रमुख झाले. त्यांची महत्त्वाची बहुतेक नाटके तोवर लिहून झाली होती, तीही नोकरी सांभाळून.

१९७२ मध्ये ते एम. एस्सी. झाले. त्याच डिसेंबरात पी.डी.ए. या संस्थेने तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर आणले. दिग्दर्शक जब्बार पटेल, साहाय्यक आळेकर. वाद पेटला आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेनेच नाटक थांबवले. ही तरुण मंडळी बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ रोजी त्यांनी थिएटर अकॅडमी स्थापन केली. गंमत म्हणजे यात डॉक्टर बरेच. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. दिवसा एक प्रयोग, रात्री दुसरा!

पुढच्याच वर्षी 'महानिर्वाण' आले. चाळीतले भाऊराव मरतात आणि उठून स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतात. दहन जुन्याच स्मशानात व्हावे हा त्यांचा हट्ट. मराठी माणूस ज्या विधींपुढे मान खाली घालतो, त्यांच्यावर आळेकरांनी त्याला हसवले, तेही कीर्तनाच्याच चालीत.

मला मात्र १९७९ चे 'बेगम बर्वे' जास्त जवळचे. संगीत नाटकात किरकोळ स्त्रीभूमिका केलेला बर्वे आता उदबत्त्या विकतो. जावडेकर आणि बावडेकर हे दोन कारकून ऑफिसातल्या नलावडेबाईंची स्वप्ने पाहतात. बर्वे त्यांच्यासाठी नलावडेबाई होतो आणि त्या खोलीत नाट्यपदांच्या आधाराने एक खोटा संसार उभा राहतो. वीस वर्षे कंपन्यांच्या क्युबिकलमध्ये काढल्यावर मला हे कारकून फार ओळखीचे वाटतात. हजेरीच्या वहीत सही करणाऱ्या माणसालाच ते इतके नेमके सुचू शकतात, असे माझे मत.

नोकरीमुळे लेखन मागे पडते हे खरेच, आणि आळेकरांची नाटके संख्येने थोडीच आहेत. पण महिन्याचा पगार ठरलेला असला की तिकीटखिडकीला विचारून लिहावे लागत नाही. शिवाय त्यांच्यामागे तालमीला येणारी माणसे होती. आपल्यातल्या अनेकांना नोकरी मिळाली, तालमीची मंडळी तेवढी मिळाली नाहीत.

विद्यापीठात ते २००९ पर्यंत होते. २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. 'व्हेंटिलेटर' पाहिलेल्यांना चेहरा आठवेल. शिक्षणाने रसायनशास्त्राचा हा माणूस तेरा वर्षे, बारावीनंतर थेट नाटक शिकायला आलेल्या मुलांचे प्रवेशअर्ज पाहत होता.