ओरखोन शिलालेख

ओरखोन शिलालेख : मध्य मंगोलियातील ओरखोन नदीच्या खोऱ्यात खोशो त्सैदाम या ठिकाणी उभारलेले, इ. स. च्या आठव्या शतकातील प्राचीन तुर्की भाषेचे कोरीव स्मारकलेख. कुल तिगिन या सेनानीचा लेख ७३२ मधला व त्याचा वडील बंधू बिल्गे खागान (खागान म्हणजे सम्राट) याचा ७३५ मधला असून, त्यांचा वृद्ध मंत्री तोन्युकुक याचा लेख मात्र पूर्वेस, आजच्या उलानबातरजवळ आहे. तुर्की भाषाकुलातील सलग व विस्तृत लिखाणाचे हे सर्वांत जुने ज्ञात नमुने होत.

तुर्कांची पहिली खागानशाही ५५२ मध्ये स्थापन झाली. पुढे ६३० च्या सुमारास पूर्वेकडील तुर्क चिनी तांग घराण्याचे मांडलिक झाले आणि सुमारे अर्धशतकाने, ६८२ मध्ये, इल्तेरिश खागानाने हुकूमत पुन्हा उभी केली. कुल तिगिन व बिल्गे हे त्याचेच पुत्र. मधल्या पन्नास वर्षांचे शल्य या लेखांत जागोजाग बोचते : बेगांनी, म्हणजे सरदारांनी, आपली तुर्की नावे टाकून चिनी किताब धारण केले, त्यांचे पुत्र गुलाम झाले, कन्या दासी झाल्या, अशी तक्रार बिल्गे खागान स्वतः आपल्या प्रजेपुढे मांडतो, आणि सोने, रूपे, रेशीम व गोड शब्द यांच्या मोहाने चिनी मुलखाजवळ वस्ती कराल तर मराल, ओत्युकेन या तुर्कांच्या मूळ भूमीत राहाल तर राज्य टिकेल, अशी सक्त ताकीद देतो.

या लेखांचे खरे मर्म कुल तिगिनच्या स्तंभाकडे त्याच्या चारही बाजूंनी पाहिल्यावाचून हाती लागत नाही. ७३१ मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तो वारला तेव्हा तांग दरबाराने शोकसंदेश घेऊन वकील आणि स्मारकासाठी कारागीर पाठविले. तीन मीटरांहून उंच असलेला हा स्तंभ चिनी प्रथेप्रमाणे दगडी कासवाच्या पाठीवर उभा केला गेला, आणि त्याच्या पश्चिम बाजूस सम्राट श्वानझोंगचा चिनी मजकूर कोरला गेला. त्यात दोन्ही राज्यांच्या सलोख्याची व पितापुत्रवत् नात्याची भाषा आहे. उरलेल्या तीन बाजूंवरचा तुर्की मजकूर मात्र त्याच दरबाराच्या गोडव्यापासून सावध राहा म्हणून सांगतो. पाहुण्याच्याच कारागिरांकडून घडविलेल्या दगडावर पाहुण्याविषयीचा अविश्वास इतक्या ठसठशीतपणे नोंदविण्याचा हा प्रसंग राजनीतीच्या इतिहासात विरळाच म्हणावा लागेल. तुर्की मजकूर राजकुलातीलच योल्लुग तिगिन याने वीस दिवस बसून लिहिल्याचे लेखातच नमूद आहे. त्याची शैली वीरकाव्याच्या जवळची आहे. कुल तिगिन कोणत्या लढाईत कोणत्या घोड्यावर स्वार होता हेही ती विसरत नाही, आणि घोड्यावर जगणाऱ्या समाजात ही नोंद दुय्यम नव्हे.

तुर्की मजकुराची लिपी उजवीकडून डावीकडे वाचावयाची. स्वरांची चिन्हे मोजकी. पण अनेक व्यंजनांना दोन दोन चिन्हे, कारण तुर्की शब्दात पुढचे व मागचे स्वर एकमेकांत मिसळत नाहीत आणि व्यंजनाच्या रूपावरूनच स्वराचा गट कळतो. १८८९ मध्ये रशियन संशोधक यादरिंत्सेव याने हे स्तंभ प्रकाशात आणले. डॅनिश पंडित विल्हेल्म थॉमसन याने १८९३ मध्ये लिपीची उकल केली. चिनी मजकुरातील विशेषनामांचा त्याला आधार झाला, आणि प्रथम उलगडलेल्या शब्दांत ‘तेंग्री’ म्हणजे आकाश, आकाशदेव, हा शब्द होता. लेखांतील ‘बेग’ आणि ‘कातुन’ (आपल्याकडील खातून) या पदव्या पुढे फारशीच्या वाटेने दख्खनच्या दफ्तरांतही आल्या, हे मराठी वाचकाने सहज लक्षात घ्यावे.

स्मारकस्थळी १९५८ मध्ये कुल तिगिनच्या पुतळ्याचे संगमरवरी शिर सापडले. त्याच्या शिरोभूषणावर पंख पसरलेला पक्षी आहे. २००१ मध्ये बिल्गे खागानाच्या स्मारकात सोन्याचा मुकुट मिळाला, त्यावरही पक्षीच. ओरखोन खोरे २००४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आले. मूळ स्तंभ आता जवळच्या संग्रहालयात हलविले असून, गवताळ माळावर वाऱ्यात उभ्या आहेत त्या त्यांच्या प्रतिकृती.