मोडलेले स्फटिक आणि त्यांची साक्ष

१८१५ साली स्वीडनमध्ये बर्झेलियस या रसायनशास्त्रज्ञाने एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. गॅडोलिनाइट नावाचं काळं खनिज तापवलं, की ते मध्येच आतून उजळतं, आणि विझतं. तोच तुकडा पुन्हा तापवा, काही नाही! साठलेलं काहीतरी एकदाच बाहेर पडलं होतं. काय, ते कळायला शंभर वर्षं गेली.

१८९३ मध्ये नॉर्वेच्या ब्रॉगर यांनी अशा खनिजांना ‘मेटामिक्ट’ म्हटलं. बाहेरून स्फटिकाचे पैलू शाबूत, आतून मात्र काचेसारखी अस्ताव्यस्त रचना. कारण त्यांना सांगता येणं शक्यच नव्हतं, कारण बेकरेल यांचा किरणोत्साराचा शोध १८९६ चा. १९१४ मध्ये हाम्बर्ग यांनी धागा जुळवला: खनिजातलं युरेनियम-थोरियमच आतून घर मोडतं. आपण समजतो अल्फा कण हा खरा गुन्हेगार. तसं नाही. तो लांब पळतो, वाटेत थोडंच मोडतो. तो सुटताना बंदुकीसारखा मागे धक्का खाणारा जड अणू अगदी थोड्या अंतरात शेकडो-हजारो अणू जागेवरून उडवतो. तापवल्यावर ते अणू आपापल्या जागी परततात. बर्झेलियस यांना दिसलेला उजेड तो हा.

आता हे सगळं अणुकचऱ्याशी कसं जोडलं गेलं? १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या रिंगवूड यांनी ‘सिनरॉक’ ही कल्पना मांडली. आपल्याकडे तारापूरला हा कचरा बोरोसिलिकेट काचेत बंद करतात. रिंगवूड म्हणाले, कृत्रिम खडकात करा, कारण अशीच खनिजं निसर्गात किरणोत्सारी मूलद्रव्यं कोट्यवधी वर्षं सांभाळून आहेत. युक्तिवाद देखणा आहे. झिर्कॉनच्या बाजूने तर ऑस्ट्रेलियातल्याच जॅक हिल्सचे ४४० कोटी वर्षांचे दाणे साक्षीला उभे राहतात.

पण आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे खोड काढावीशी वाटते. साक्षीला आलेत ते फक्त वाचलेले! ज्या दाण्यांत युरेनियम जास्त होतं ते फुगले, तडकले, झिजून गेले. त्यांची जबानी कोण घेणार? दुसरं, वेग. निसर्गातल्या झिर्कॉनमध्ये युरेनियम बहुधा दशलक्ष भागांत काहीशे भाग, अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षं. मोडतोड इतकी सावकाश, की जमिनीच्या पोटातली ऊब मधल्या मध्ये डागडुजी करू शकते. प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य सुमारे २४ हजार वर्षं. तेच दहा टक्के भरलं तर डागडुजीला उसंत कुठली?

२००७ मध्ये केंब्रिजच्या इयान फर्नान आणि सहकाऱ्यांनी मोडलेले अणू जवळजवळ मोजलेच. एका अल्फा-क्षयात सुमारे ५००० अणू हलतात, आधीच्या अंदाजांच्या कितीतरी पट. त्यावरून प्लुटोनियम भरलेला झिर्कॉन अवघ्या १४०० वर्षांत स्फटिकपण गमावेल, असा त्यांचा हिशोब. कचरा सांभाळायचा काळ मात्र दोन लाख वर्षांहून अधिक.

याचा अर्थ खनिजांवरची भिस्त सोडायची, असा आम्ही काढत नाही. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतलं मोनाझाइट पाहा. थोरियमने भरलेलं, तरी मेटामिक्ट अवस्थेत ते जवळजवळ सापडतच नाही. मार त्यालाही बसतोच. पण ते झिर्कॉनपेक्षा पुष्कळ कमी उष्णतेत सावरतं. तेव्हा खनिज किती टिकलं याच्याबरोबरीने ते किती लवकर सावरतं, हेही विचारायला हवं, आणि तेही साठवणीच्या जागी जेवढी ऊब असेल तेवढ्यात.