वजनकाट्याचा समतोल आणि प्रीसेटची निवड

कर्नाटकातील बिदर जिल्ह्याचे भालकी, औराद, बसवकल्याण हे तालुके आणि शेजारच्या कलबुर्गीचा आळंद परिसर येथे मराठी आजही घरात बोलली जाते. हा टापू ऊस आणि तुरीचा. हंगामात उसाची ट्रॉली भुईकाट्यावर चढते आणि वर्षाच्या श्रमाचे मोल पडद्यावरील एका आकड्यावर ठरते. तीच ट्रॉली पुढे-मागे सरकवताच आकडा बदलला, तर शेतकऱ्याला लबाडीचा संशय येतो. संशय दर वेळी निराधार नसतो. पण पुष्कळदा दोष असतो तो जंक्शन बॉक्समधील काही रुपयांच्या प्रीसेटचा.

काट्याच्या फलाटाखाली सहा किंवा आठ लोड सेल असतात. ३० टन क्षमतेच्या सेलला १० व्होल्ट दिल्यास पूर्ण भाराला साधारण २० मिलिव्होल्ट मिळतात; म्हणजे १० किलोमागे सात मायक्रोव्होल्टही नाहीत. कोणतेही दोन सेल तंतोतंत सारखे नसतात. म्हणून प्रत्येकाचा संकेत बदलत्या रोधाने जुळवून घ्यावा लागतो.

येथे निवड चुकते ती बहुधा किमतीत. सेलच्या पुरवठ्याच्या तारेत ५०० ओहमचा एकफेरी कार्बन प्रीसेट बसवला असे समजा. त्याची फिरकी सुमारे २७० अंश फिरते. एका अंशाला जवळजवळ १.८५ ओहम. सेलचा आदानरोध ४०० ओहम धरल्यास हा फरक पाऊण नव्हे, पण जवळपास अर्धा टक्का होतो. त्या सेलवर १० टन भार असेल तर सुमारे ४५ किलो! वाहनांच्या हादऱ्याने फिरकी अंशभर हलणे अगदीच शक्य आहे. शिवाय कार्बनचा रोध उष्णतेने आणि दमटपणाने सरकतो. हिवाळ्यातील पहाट आणि उन्हात तापलेली पेटी यांत ३० अंशांचे अंतर सहज पडते.

त्याऐवजी २० ओहमचा, २५ फेऱ्यांचा प्रीसेट घेतल्यास पाव फेरीला ०.२ ओहम, म्हणजे त्याच भाराला ५ किलो इतकी बारीक जुळणी साधते. मात्र इतक्या कमी मूल्याला सर्मेट प्रकारात सरकत्या टोकाचा स्पर्शरोधच ओहमभर बदलू शकतो. तेथे तारेचा प्रीसेट बरा.

दुसरी पद्धत मला अधिक भरवशाची वाटते. पुरवठा न छेडता सेलच्या संकेताच्या दोन तारांमध्ये मोठा रोध जोडायचा आणि सामायिक जोडणीपूर्वी प्रत्येक सेलच्या वाटेत सारखे स्थिर रोध ठेवायचे. ३५० ओहमच्या सेलला ३५ हजार ओहम समांतर जोडल्यास त्या सेलचा संकेत सुमारे १ टक्क्याने उतरतो. येथे स्पर्शरोध तीन ओहमने बदलला तरी काही बिघडत नाही. बहुफेरी सर्मेट प्रीसेट, अंशामागे दशलक्षात १०० भागांपेक्षा अधिक न बदलणारा आणि बंद आवरणाचा असावा.

जुळणी करताना एकच ज्ञात भार प्रत्येक कोपऱ्यावर ठेवून नोंदी घ्याव्यात. सर्वांत कमी दाखवणारा कोपरा प्रमाण मानून बाकीचे खाली आणावेत, कारण रोध संकेत घटवतो, वाढवत नाही. एक कोपरा बदलला की शेजारचाही थोडा हलतो. म्हणून फेरी दोन-तीनदा करावी लागते. मग स्क्रूवर लाखेचा थेंब.

वैधमापन नियमांनुसार भुईकाट्याची पडताळणी दर १२ महिन्यांनी होते. शिक्का तोडून प्रीसेटला हात लावला असेल, तर काटा पुन्हा पडताळून घेतल्याशिवाय त्यावर ऊस तोलता येत नाही. डिजिटल लोड सेलच्या काट्यांत हे प्रीसेट नसतात; तेथे दुरुस्तीचे गुणक स्मृतीत साठवलेले असतात.